सहा हंगाम, शून्य ट्राय: क्लबातल्या रग्बीचे दिवस

मधला (धागाकर्ता)

रग्बी खेळायचो असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग गोल किती मारलेस?" रग्बीत गोल मारत नाहीत, ट्राय करतात, म्हणजे चेंडू नेऊन समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवतात, हे समजावून झालं की तोच प्रश्न कपडे बदलून परत येतो. "बरं, ट्राय किती?" शून्य. पंधराव्या वर्षापासून एकविसाव्यापर्यंत सहा हंगाम आमच्या क्लबाकडून खेळलो. आधी मुलांच्या संघात, मग मोठ्यांच्या तिसऱ्या संघात, शेवटी दुसऱ्या. ट्राय शून्य. मग समोरचा असा बघतो, जणू सहा वर्षं मी नुसत्या पाण्याच्या बाटल्या उचलत होतो.

मी हूकर होतो, पुढच्या फळीतल्या तिघांमधला मधला. दोन नंबरची जर्सी. रग्बीत पाठीवरचा आकडा हौसेने निवडता येत नाही, तो तुमचा हुद्दा असतो. एक ते आठ फॉरवर्ड, नऊ ते पंधरा बॅक. हात पसरून धावत सुटणारे जे तुम्ही फोटोत बघता ते बहुतेक दुसऱ्या गटातले. पहिल्या गटाचे फोटो काढण्यात अर्थ नसतो, कारण चेहरे दिसतच नाहीत.

पहिल्या दिवशी मैदानावर गेलो तेव्हा सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ठेंगणा, रुंद, मान जवळजवळ नाहीच. "पळता येतं?" म्हणाले. मी म्हटलं, फारसं नाही. "मग पुढे." एवढीच माझी निवड चाचणी. याआधी शाळेतल्या प्रत्येक खेळात मला शेवटी घेतलं जायचं, तेही कुणीतरी "बरं, याला तुमच्याकडे घ्या" म्हटल्यावर. इथे माझ्या मानेची कुणाला तरी गरज होती!

स्क्रम म्हणजे दोन्हीकडच्या आठ-आठ जणांची चेंडूसाठीची रेटारेटी. टीव्हीवर तो सोळा माणसांचा ढीग दिसतो. आतून ती एक खोली असते. छत छात्यांचं, भिंती खांद्यांच्या. आमची तीन डोकी, त्यांची तीन, एकात एक अडकवलेली, आणि खाली हातभर रुंदीची गवताची गल्ली. समोरच्या हूकरचे डोळे वीतभर अंतरावर. त्याच्या मलमाचा वास आपल्या नाकात. गल्लीच्या डाव्या तोंडाशी आपल्या नऊ नंबरचे, म्हणजे चेंडू आत टाकणाऱ्याचे, बूट दिसतात, तेवढाच काय तो बाहेरच्या जगाशी संबंध. माझे दोन्ही हात दोन प्रॉपच्या, म्हणजे फळीत माझ्या डाव्या-उजव्या बाजूच्या दोघांच्या, पाठीवरून गेलेले, मुठीत त्यांच्या जर्सी. म्हणजे तोंडावर पडलो तर हात टेकायची सोय नाही. मागून पाच जणांचा रेटा, आणि चेंडू आत आला की मी उजवा पाय उचलून तो मागे ओढायचा. दोन्हीकडचे मिळून सोळा जण जीव तोडून रेटतायत आणि मी एका पायावर.

तेव्हा पंच चार हाका द्यायचे: क्राउच, टच, पॉज, एंगेज. ही पद्धत २००७ मध्ये आली होती. 'टच'ला प्रॉप समोरच्याच्या खांद्याला हात लावून अंतर मोजायचे, माझे हात अडकलेलेच. मग तो 'पॉज'. कुणी श्वास घेत नाही, कुणी हलत नाही. मला दर वेळी वाटायचं, आता शिंक येणार. आणि 'एंगेज' म्हटलं की मेंढ्यांची टक्कर. २०१३ पासून 'क्राउच, बाइंड, सेट' झालंय, आधी पकड आणि मग रेटा. धडक बरीच कमी झाली. चांगलंच झालं. तरी तो 'पॉज' मला अजून झोपेत ऐकू येतो.

हूकरचं दुसरं काम लाइनआउटला चेंडू फेकणं, म्हणजे चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की तो दोन्ही संघांच्या रांगांच्या मधोमध परत आत टाकणं. सराव संपला की सगळे कपडे बदलायला जायचे आणि मी गोलपोस्टच्या आडव्या दांडीवर नेम धरून फेकत बसायचो. ती तीन मीटरवर असते, म्हणजे उडी मारलेल्या माणसाच्या हातांच्या जरा खाली. पन्नास वेळा दांडीला लागल्याशिवाय जायचं नाही हा माझा मीच केलेला नियम. अंधार पडला की दांडी दिसायची नाही, 'टण्' आवाजावरून मोजायचो.

तर असे सहा हंगाम. तुमच्यापैकी कुणी क्लबात खेळलं असेल तर लिहा. ट्राय केलेल्यांनीही लिहायला हरकत नाही.

चौदा नंबर

वा, मस्त! पण पुढच्या फळीवाल्यांचं हे नेहमीचंच. 'आम्ही आत मरतो आणि बाहेर हे हात पसरतात.' (हलके घ्या.)

आता विंगवरचं दुःख ऐका. विंगवर थंडी वाजते. तुम्ही आठ जण एकमेकांना ऊब देत असता, आम्ही साइडलाइनजवळ एकटे उभे. अख्ख्या सामन्यात चेंडू तीनदा हाताला लागणार, त्यातला एकदा डोक्यावरून येणारा उंच किक, आणि तो सुटला की ऐंशी मिनिटांतलं बाकी सगळं लोक विसरतात.

माझी आठवण ट्रायचीच आहे, म्हणजे न झालेल्या ट्रायची. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही, रेषा ओलांडलीसुद्धा. आता नुसता चेंडू जमिनीला टेकवायचा. मी एका हाताने टेकवायला गेलो, दुसरा हात आधीच वर, प्रेक्षकांसाठी. चेंडू बोटांवरून निसटून पुढे पडला. नॉक-ऑन. माझ्या आसपास वीस मीटरमध्ये प्रतिस्पर्धी नव्हता. परत चालत येताना आमचा प्रत्येक फॉरवर्ड माझ्याकडे बघत होता आणि कुणी एक शब्द बोलला नाही. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. आणि पुढे काय झालं? स्क्रम! म्हणजे माझ्या चुकीची मजुरी तुमच्यासारख्यांनी केली.

तेव्हापासून मी काहीही दोन्ही हातांनी ठेवतो. घरी हसतात.

खो-खोपटू

रग्बीतलं ओ की ठो कळत नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचला. एक बाळबोध शंका. चेंडू नेऊन टेकवला, काम फत्ते झालं, तरी त्याला 'ट्राय' का म्हणायचं? प्रयत्न कसला, जमलंच की!

शिट्टी

@खो-खोपटू, शंका बाळबोध नाही. सुरुवातीला रेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला गुणच नव्हते. टेकवल्याबद्दल मिळायची ती फक्त परवानगी, गोलवर किक मारून बघण्याची. किक दांडीवरून गेली तरच काही पदरात. म्हणून ते 'ट्राय'. पुढे हळूहळू उलटं झालं, टेकवण्याला भाव आला आणि किकचा उतरला. १९७१ मध्ये ट्रायचे तीनचे चार गुण झाले, १९९२ मध्ये पाच. नंतरची किक म्हणजे कन्व्हर्जन, तिचे दोन. पेनल्टी आणि ड्रॉप गोलचे तीन-तीन.

मी आठ हंगाम फ्लँकर, म्हणजे स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड, होतो, गुडघा गेल्यावर शिट्टी हातात घेतली. धागाकर्त्याने स्क्रमची खोली बरोबर सांगितली आहे, पण पंच त्या खोलीच्या खिडकीशी उभा असतो आणि त्याला आतलं निम्मंही दिसत नाही हे कुणी लिहीत नाही. स्क्रम कोसळला की दोन्हीकडचे प्रॉप असा निष्पाप चेहरा करून उठतात की शाळेतली पोरं परवडली.

नऊनंबरी

गल्लीच्या तोंडाशी दिसणारे ते बूट माझे! म्हणजे तुमच्या क्लबातले नव्हेत, पण मी स्क्रम-हाफ होते. हूकरने प्रॉपच्या पाठीवर बोटांनी टकटक केली की चेंडू आत. कायद्याने तो दोन फळ्यांच्या मधोमध सरळ टाकायचा असतो. (शिट्टी यांनी पुढचं वाक्य वाचू नये.) मी आयुष्यात सरळ टाकलेला नाही.

लहान वयोगटात आम्ही मुलं-मुली एकत्र खेळायचो. मग एका वर्षी वय झालं म्हणून मला बाहेर काढलं, आणि मुलींचा संघ तर नव्हताच. दोन वर्षं मी नुसती बाजूला उभी राहून चेंडू परत फेकायचे. सरावाला जायचं, फेकायचे, घरी यायचं. आई म्हणायची कशाला जातेस. मग आणखी काही जणी आल्या, पण पंधरा कुठून आणणार? म्हणून सेव्हन्स. सात जणी, सात-सात मिनिटांचे दोन डाव, मैदान मात्र तेवढंच मोठं. पहिल्या सामन्यानंतर मी आडवी पडून आभाळ बघत होते आणि आमची कॅप्टन सांगत होती, ऊठ, तासाभरात दुसरा आहे.

नंतर कळलं की सेव्हन्सचा जन्मच असा अडचणीतून झालाय. १८८३ मध्ये स्कॉटलंडातल्या मेलरोजच्या क्लबाला पैसे उभे करायचे होते. एका दिवसात पंधरा-पंधराचे बरेच सामने बसेनात, तेव्हा नेड हेग नावाच्या तिथल्या खाटकाने सातची कल्पना काढली. तेच सेव्हन्स २०१६ मध्ये रिओला ऑलिंपिकमध्ये गेलं, आणि पुरुषांमध्ये फिजीने सुवर्ण जिंकलं. त्या देशाचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. माणसं कमी पडली म्हणून थांबणाऱ्यांसाठी लिहून ठेवतेय.

जुना लॉक

आमच्या वेळी ट्रायला चारच गुण होते, यावरून वय ओळखा.

मी चार नंबर, म्हणजे लॉक, स्क्रमच्या दुसऱ्या फळीतला. लाइनआउटला आता जंपरला दोघे जण उचलतात, देवघरात मूर्ती ठेवावी तसे वर धरतात. आमच्या काळी उचलणं हा गुन्हा होता, स्वतःच्या पायांवर उडायचं. त्यामुळे उडी मारली की तीन कोपरं बरगडीत. चेंडू कातडी, पावसात भिजला की दुप्पट जड, त्यात गुळगुळीत. सराव म्हणजे टेकडी. वर पळा, खाली या, वर पळा.

धागाकर्त्याच्या खोलीला मागची भिंत असते ती आम्ही. दोन प्रॉप आणि हूकर यांच्या मांड्यांमध्ये आमची डोकी, दोन्ही कान घासून निघायचे. माझा डावा कान अजून कोबीसारखा आहे. मार लागून कानाच्या कूर्चेवर रक्त साचतं, ते वेळेवर काढलं नाही तर तिथेच घट्ट होऊन बसतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी काढलं नसतं, तो कान म्हणजे पदक होतं. नातवंडं त्याला हात लावून बघतात.

आता हेल्मेटासारख्या टोप्या, तोंडात रबर, जरा धक्का लागला की बाहेर. आम्ही डोक्याला लागलं तर पाणी मारून पुन्हा उभे राहायचो. खेळ मवाळ झालाय.

चौदा नंबर

'आमच्या काळी' आलं! धाग्याची वीस मिनिटं पूर्ण. :)

मधला

@नऊनंबरी, तो दोन वर्षांचा भाग वाचून थांबलो. भावना पोचल्या.
@चौदा नंबर, त्या स्क्रमबद्दल आजवरच्या सगळ्या हूकरांच्या वतीने निषेध.

आमचा क्लब आता नाही, हे लिहायचं राहिलं. कुणाशी भांडण नाही, घोटाळा नाही. आधी तिसरा संघ बंद झाला, मग दुसरा. शनिवारी सकाळी फोनाफोनी करून तेरा जण जमायचे, समोरच्यांकडून दोन उसने घ्यायचे. एका हंगामात तेही जमेना. मी तेव्हा नोकरीसाठी लांब गेलो होतो, मला दोन वर्षांनी कळलं.

शिट्टी

अवांतर: क्लब बंद पडावा तर कलकत्त्यासारखा. १८७२ च्या नाताळात तिथे ब्रिटिशांचा एक सामना झाला आणि त्यातून १८७३ मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब उभा राहिला. फुटबॉल म्हणजे तेव्हा रग्बीच. पाचेक वर्षांत पोलो-टेनिसने माणसं ओढली, क्लब आटला. उरलेल्यांनी बँकेतले पैसे चांदीच्या रुपयांत काढले, ते वितळवले आणि त्याचा चषक घडवला. तीन नागांच्या मुठी, झाकणावर हत्ती. तो त्यांनी इंग्लंडच्या रग्बी युनियनला देऊन टाकला. १८७९ पासून इंग्लंड-स्कॉटलंड त्या कलकत्ता कपसाठी खेळतात. विश्वचषक १९८७ चा, म्हणजे हा त्याच्या शंभराहून जास्त वर्षं थोरला. १९८८ मध्ये सामन्यानंतरच्या रात्री दोन खेळाडूंनी एडिंबराच्या रस्त्यावर त्यालाच लाथा मारत फुटबॉल खेळला आणि तो चेपला, ती वेगळी गोष्ट.

डावा खांदा

थांबा, थांबा.

दोन दिवस हा धागा वाचतोय. नावावरून काही कळेना, पण "पळता येतं? मग पुढे" हे वाक्य जगात एकाच माणसाचं आहे. आणि अंधारात दांडीवर चेंडू फेकत बसणारा येडाही मी एकच पाहिलाय. अरे, मी तुझा लूजहेड, डावीकडचा प्रॉप! तुझा उजवा हात सांगायला नको, पण डावा हात तीन वर्षं माझ्या जर्सीत होता. माझ्या डाव्या बाहीची शिवण तू दर महिन्याला उसवायचास.

सगळं बरोबर लिहिलंयस. फक्त शीर्षक चुकलंय. शून्य नाही, एक.

मधला

अरे!! कुठे आहेस तू? व्यक्तिगत निरोप केलाय, बघ.

आणि एक कुठला? कुणाचा तरी माझ्या नावावर घालतोयस.

डावा खांदा

शेवटचा सामना. तुझा शेवटचा. आठवत नाही?

मधला

त्या सामन्याचं मला वॉर्मअपपर्यंतचं आठवतं. त्यानंतर एकदम, कपडे बदलायच्या खोलीत मी बाकावर बसलोय आणि कुणीतरी माझ्या बुटांच्या नाड्या सोडतंय. मधलं काही नाही. डोक्याला लागलं होतं एवढं नंतर सांगितलं. गाडीत सगळे 'ट्राय, ट्राय' करत होते, पण सहा वर्षं तीच टिंगल ऐकत होतो, मला वाटलं आज निरोपाची जास्त जोरात चाललीय.

डावा खांदा

नाड्या मी सोडत होतो.

गाडीत तुला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तू पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसलास. आम्हाला वाटलं भाव खातोय.

काळजीवाहू

मध्येच लिहिते, माफ करा. मी खेळलेली नाही. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, यंदापासून क्लबात जातो आणि जीव टाकतो त्या खेळावर. मी कौतुकाने हा धागा त्याला वाचून दाखवणार होते. हे शेवटचे तीन प्रतिसाद वाचले आणि आता हात गार पडलेत. तुम्हाला लागल्यावर तुम्ही पुढे खेळलात? कुणी थांबवलं नाही?

डावा खांदा

ताई, नाही थांबवलं. त्यात मीही आलो.

सांगतोच. दुसरा हाफ सुरू होऊन दहाएक मिनिटं झाली असतील. समोरचा त्यांचा आठ नंबर, बैल होता, तो पळत आला आणि याने टॅकल केला, म्हणजे त्याला धरून खाली पाडायला गेला. टॅकल करताना डोकं चेंडूवाल्याच्या मागच्या बाजूला ठेवायचं हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. याचं पुढे गेलं, आणि कानशिलावर त्याची मांडी किंवा गुडघा बसला. हा पडला, लगेच उठला. उठून माझ्याकडे आला आणि विचारलं, "स्कोअर काय?" मी सांगितलं. पुढच्या स्क्रमला बांधताना परत, "स्कोअर काय रे?" मी परत सांगितलं. तेव्हा मला कळायला हवं होतं. खरं सांगू का, कळलं होतं. बाकावर दुसरा हूकर नव्हता. पुढच्या फळीत तयार माणूस नसेल तर स्क्रम रेटायचे नाहीत, नुसते उभे करायचे, असा नियम आहे, आणि त्या दिवशी स्क्रमवरच आम्ही त्यांना खात होतो. कप्तानाने विचारलं, हा ठीक आहे ना? मी म्हटलं, ठीक आहे.

शिट्टी

@काळजीवाहू, यांचा आणि आत्ताचा काळ यात हाच मोठा फरक आहे. हौशी आणि मुलांच्या रग्बीत आता नुसता संशय आला तरी खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत येणे नाही. टीव्हीवर दहा-बारा मिनिटं तपासून परत पाठवतात ती सोय व्यावसायिक सामन्यांत, डॉक्टरांच्या हाताखाली. क्लबाच्या मैदानावर ती कुणी चालवत असेल तर सरळ मुलाला घेऊन घरी या.

बेशुद्ध व्हावंच लागतं असं नाही. बहुतेक वेळा होत नाहीत. तोच प्रश्न पुन्हा विचारणं, चुकीच्या बाजूला जाऊन उभं राहणं, डोळे रिकामे दिसणं, तोल जाणं, उलटी, एवढं दिसलं तरी पुरे. पहिला मार मेंदूने पचवायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं, आणि कोवळ्या वयात धोका जास्त. मैदानावर परतायचं ते टप्प्याटप्प्याने. हौशी खेळाडूने सर्वसाधारणपणे २१ दिवसांआधी सामना खेळू नये अशी सध्याची शिफारस आहे.

आणखी दोन गोष्टी, कारण पालक त्यांच्यावर विसंबतात. माऊथगार्ड दात वाचवतं, ते घालायलाच हवं. मऊ टोपीने कान आणि कातडी वाचते. मेंदूचं हलणं दोन्हींनी थांबत नाही.

मुलांच्या स्क्रमला आता दीड मीटरपेक्षा जास्त रेटता येत नाही. टॅकलची उंचीही बऱ्याच देशांनी हौशी खेळात खाली आणली. फ्रान्सने २०१९ मध्येच कमरेवर आणली. तुमच्या मुलाच्या क्लबात जाऊन एकच विचारा: सामन्याच्या वेळी बाहेर काढायचा निर्णय कोणाचा? उत्तरात एका माणसाकडे बोट दाखवता आलं पाहिजे, आणि तो माणूस संघ निवडणारा नसलेला बरा.

नऊनंबरी

शिट्टी यांना +१. आणि ताई, मुलालाही सांगा की दुसऱ्याचं सांगणं म्हणजे चुगली नव्हे. आमच्याकडे मी एकदा आमच्या सेंटरच्या जागी खेळणाऱ्या मुलीबद्दल पंचांना सांगितलं, ती माझ्याशी महिनाभर बोलली नाही. आता तिच्या मुलीची मी मावशी आहे.

काळजीवाहू

शिट्टी, नऊनंबरी, मनापासून आभार. शनिवारी जाऊन विचारते. धागा वाचून दाखवीन, पण सगळा.

जुना लॉक

माझ्या वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य मागे घेतो. संपादन करता येत नाहीये, म्हणून इथे लिहितो. त्याच्या आधीचंही.

मधला

@डावा खांदा, तुझ्यावर राग वगैरे नाही. तू नाही म्हणाला असतास तर मीच तुला ढकलून आत आलो असतो, हे मला न आठवताही माहीत आहे. पुढे दोन महिने उजेड सहन व्हायचा नाही, एवढंच. ते गेलं.

पण आता ट्राय सांग. पूर्ण सांग. माझाच आहे आणि मी पाहिलेला नाही.

डावा खांदा

बरं. शेवटची पाचेक मिनिटं. आपण तीनने मागे. त्यांच्या रेषेपासून पाच मीटरवर आपला लाइनआउट, डाव्या बाजूला. तू चेंडू घेऊन उभा राहिलास तो मैदानाकडे पाठ करून. मी खांदे धरून वळवलं. कप्तानाने चेंडू कुणाकडे फेकायचा त्याचा कोड दिला आणि तू माझ्याकडे बघितलंस. तुला कोड कळला नव्हता. तीन वर्षं रोज म्हणत होतास तो कोड. मी रांगेतून बाहेर आलो, तुझ्या कानात म्हटलं, "पुढचा लॉक. दांडी." नुसतं दांडी म्हटलं.

आणि तू फेकलास. सरळ, अगदी सरळ. चेंडू फिरत गेला तो लॉकच्या दोन्ही हातांत. त्या सामन्यातला तुझा सर्वांत चांगला थ्रो. डोक्याला माहीत नव्हतं, हाताला माहीत होतं.

लॉक खाली आला, आम्ही दोघांनी त्याला बांधलं, मॉल झाला, म्हणजे चेंडूवाल्याला धरून उभ्याउभ्या रेटणारा घोळका. चेंडू हातोहात मागे गेला आणि शेवटी तुझ्याकडे, कारण फेकणारा मागून येऊन चिकटतो, हे तू सवयीने केलंस. मग आपण रेटलं. पहिल्यांदा हललाच नाही. मग एक पाऊल, मग एकदम तीन. मी खाली बघत होतो, गवत मागे सरकताना दिसत होतं, आणि पांढरी रेषा माझ्या बुटांखालून गेली. मॉल कोसळला. माझ्यावर दोघे जण. मी मान वळवली तर तू माझ्या शेजारी आडवा, चेंडू छातीखाली, दोन्ही हात चेंडूवर. शिट्टी झाली, पंचाचा हात वर.

सगळे तुझ्या अंगावर पडले. सहा वर्षांचं उधार होतं ना! तू खालून मला विचारलंस, "कोणी केला?"

चौदा नंबर

दोन्ही हात चेंडूवर. शिका, लोकहो. मी आजपर्यंत नाही शिकलो.

खो-खोपटू

धागाकर्ते, शीर्षक बदला आता. 'सहा हंगाम, एक ट्राय.'

शिट्टी

सामन्याच्या कार्डावर ज्याचं नाव त्याचा ट्राय. नियम साधा आहे. त्याला त्या वेळी मैदानावर राहू द्यायला नको होतं हे माझं मत तसंच आहे, आणि मी पंच असतो तर मलाही दिसलं नसतं, हेही.

मधला

शीर्षक राहू दे. लोक विचारतील तेव्हा मी शून्यच सांगणार, तोंडाला सवय झालीय.

तीन वेळा वाचलं, डावा. काही आठवेल असं वाटलं होतं. 'टण्' एवढंच ऐकू येतंय, आणि त्या दिवशी तर दांडी नव्हतीच.

एक राहिलं. ट्राय कोपऱ्यात झाला, म्हणजे किक साइडलाइनवरून. कन्व्हर्जन गेलं का?

डावा खांदा

पोस्टला लागून बाहेर. दोनने जिंकलो.